खाण्यातलं फॅट जवळजवळ बंद, तरी रक्तात पामिटिक जास्त आणि सीआरपी पण वाढलेली, हे नक्की काय आहे?

नवी_पहाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय कारण रिपोर्ट हातात येऊन तीन दिवस झाले आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय.

वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ८३ किलो, म्हणजे बीएमआय ३३ च्या वर. शुगर काठावर आहे पण डायबेटिस नाही, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरांनी बाकीच्या टेस्टबरोबर एचएस-सीआरपी करायला सांगितली ती ५.२ आली, ट्रायग्लिसराइड २१४. डॉक्टर म्हणाले शरीरात आतून सूज आहे, लठ्ठपणात असते अशी, वजन उतरवा. आता मला तर कुठेच सूज नाही हो, ना पाय सुजतात, ना सांधे दुखतात, मग ही सूज आहे तरी कुठे हे विचारायचं राहूनच गेलं, बाहेर रांग होती.

मग मी स्वतःहून रक्तातल्या फॅटी ॲसिडची टेस्ट करून घेतली, वाटलं निदान कळेल तरी. त्यात असं आलंय: पामिटिक २५ टक्के, जास्त. पामिटोलेइक ३.६ टक्के, समोर लाल बाण. डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक की काय ते पण वर. लिनोलेइक २४ टक्के, हे मात्र कमी. आणि ओमेगा-३ इंडेक्स ३.९, त्यालाही लाल.

मला न उलगडणारी गोष्ट ही की गेले आठ महिने मी तेल, लोणी, चीज, सगळं जवळपास सोडलंय. चमचा मोजून तेल घालते. मग हे पामिटिक आलं कुठून? ते तर सॅच्युरेटेड फॅट ना? माझे तीन प्रश्न आहेत. एक, न खाता ते वाढतं कसं. दोन, या फॅटी ॲसिडमुळे ही आतली सूज येते की सुजेमुळे ही ॲसिडं बिघडतात. तीन, फिश ऑइलच्या गोळ्या सुरू कराव्यात का, कारण घरात सगळे तेच म्हणतायत.

कोणाला यातलं खरंच कळत असेल तर सांगा प्लीज. नुसतं "वजन कमी करा" नको, ते मला माहितीये आणि ते मी करतेच आहे.

काचेची_नळी

नवी_पहाट, तुमचा प्रश्न फार चांगला आहे आणि तुम्ही काही चुकीचं खाऊन लपवताय असं मुळीच समजू नका. मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, त्यातली बरीचशी फॅटी ॲसिडच्याच मशीनवर, तर जे हाताखालून गेलंय त्यावरून सांगते, जरा लांबेल.

आधी सूज. डॉक्टर सूज म्हणतात तेव्हा त्यांना इन्फ्लमेशन म्हणायचं असतं, त्याला दाह हा शब्द जास्त बरोबर आहे. पाय सुजतो ते पाणी साठल्यामुळेही असू शकतं, ते वेगळं. तुमच्या रिपोर्टमधला दाह हा मंद आहे, दुखत नाही, दिसत नाही, पण रक्तात त्याचा माग सापडतो. सीआरपी हे प्रोटीन मुख्यतः लिव्हर बनवतं, आणि लिव्हरला ते बनवायला सांगणारा मुख्य निरोप्या म्हणजे इंटरल्युकिन-६. लठ्ठपणात हा निरोप चरबीच्या पेशींच्या आसपासून सतत थोडा थोडा जात राहतो. न्यूमोनियात सीआरपी शंभरावर जाऊ शकते, तुमची ५ आहे, म्हणजे आग नाही, धग आहे. हृदयविकाराच्या धोक्यासाठी जो अंदाज वापरतात तो १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.

आता मुख्य मुद्दा, पामिटिक आलं कुठून. तुमच्या लिव्हरने बनवलं. खरंच. गरजेपेक्षा जास्त साखर किंवा पिठूळ अन्न पोटात गेलं आणि ते साठवायला जागा उरली नाही की लिव्हर त्याचं फॅट करतं, आणि त्या कारखान्यातून बाहेर पडणारा पहिला तयार माल म्हणजे पामिटिक ॲसिड, १६ कार्बनची सरळ साखळी. मग एससीडी-१ नावाचं एन्झाइम त्यातल्या काहींना एक दुहेरी बंध घालतं, त्याचं होतं पामिटोलेइक. अन्नातून पामिटोलेइक फार कमी येतं, म्हणून रक्तात ते वाढलेलं दिसलं की आम्ही आधी लिव्हरकडेच बघतो. इन्सुलिन चढं असेल (काठावरच्या शुगरमध्ये ते बहुधा असतंच) तर हा कारखाना जास्त जोरात चालतो. २०१४ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड असं बरंच एकत्र बिघडलेलं) असलेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने फॅट कमी आणि कार्बोहायड्रेट जास्त असं जेवण दिलं, तर कार्बोहायड्रेट वाढत गेलं तसं रक्तातलं पामिटोलेइक वाढत गेलं. सॅच्युरेटेड फॅट जेव्हा सगळ्यात जास्त खाल्लं जात होतं तेव्हा रक्तातलं सॅच्युरेटेड त्या प्रमाणात वाढलं नव्हतं. म्हणून विचारते, रागावू नका, तेल काढलं तेव्हा त्या जागी काय आलं? फळांचा रस, लो-फॅटचा शिक्का असलेली बिस्किटं, गोड दही, असं काही?

दुसरं म्हणजे हे सगळे आकडे टक्के आहेत. हे कुणीच समजावून सांगत नाही. मशीनमध्ये काय होतं, रक्तातल्या फॅटी ॲसिडला आधी मिथाइल एस्टर करतात, मग गॅसबरोबर एका लांबच लांब बारीक नळीतून सोडतात, आणि कागदावर एकामागून एक टेकड्या उमटत जातात. पामिटिकची उंच टेकडी, तिच्या पायथ्याशी लगेच पामिटोलेइकची छोटीशी, मग स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक (बियांच्या तेलातलं ओमेगा-६), आणि अगदी शेवटी डीएचए (माशांतलं ओमेगा-३). सगळ्या टेकड्यांची बेरीज १०० धरून प्रत्येकीचा वाटा काढतात. म्हणजे लिव्हरने पामिटिक, पामिटोलेइक, ओलेइक जास्त ओतलं तर लिनोलेइक आहे तेवढंच राहूनसुद्धा टक्क्यात कमी दिसणार. तुमचं ट्रायग्लिसराइड २१४ आहे, म्हणजे एकूण फॅटच जास्त आहे, तेव्हा तुमचं लिनोलेइक "कमी" आहे याचा अर्थ प्रत्यक्षात कमीच आहे असा लगेच घेऊ नका.

तिसरं, ते लांब नावाचं डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक. लठ्ठपणात ते वर जाणं हे नेहमीचं चित्र आहे. लिनोलेइकपासून ते बनतं आणि पुढे डेल्टा-५ डिसॅच्युरेज नावाचं एन्झाइम त्याचं ॲरॅकिडोनिक (आणखी एक ओमेगा-६) करतं. वजन जास्त आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही ते) असलेल्यांत ही शेवटची पायरी मंदावल्यासारखी दिसते म्हणून मधला माल साठतो. पामिटोलेइक वर, हे वर, लिनोलेइक खाली, आणि सोबत सीआरपी वर, ही मांडणी अनेक देशांतल्या अभ्यासांत परत परत दिसलीये. तुमचा रिपोर्ट म्हणजे त्या चित्राची हुबेहूब नक्कल आहे, त्यात तुमचं एकटीचं असं काही विचित्र नाही.

फिश ऑइलचं नंतर लिहिते, हातात दुसरं काम आहे.

मूळ_शोधा

पहाटताई, इतकं सगळं गुंतागुंतीचं नाहीये, माझ्या वाचनात आलंय की सगळ्याचं मूळ बियांची तेलं. सूर्यफूल, सोयाबीन, करडई, यात ओमेगा-६ ठासून भरलेलं असतं, ते लिनोलेइक शरीरात जाऊन ॲरॅकिडोनिक बनतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे थेट सूज. आधी माणूस ओमेगा-६ आणि ओमेगा-३ जवळपास सारखं खायचा, आता पंधरापट वीसपट झालंय. ही तेलं पूर्ण बंद करा, सीआरपी आपोआप खाली येईल. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी बंद केली, वजन ९ किलो उतरलं, सीआरपी ४ वरून दीडवर आली. काचेची_नळी यांनी लॅबचं छान लिहिलंय पण तेलाचा विषयच घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं.

ओपीडी_नंतर

मी फिजिशियन आहे, लठ्ठपणाचे पेशंट रोज बघतो. काचेची_नळी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, मी त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर घालतो. आधी मूळ_शोधा यांना उत्तर देतो कारण हा समज फार पसरलाय आणि लोक त्यापायी नको ते करतात.

दादा, तुमची सीआरपी उतरली याचा मनापासून आनंद आहे, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की ९ किलो उतरले. वजन उतरलं की सीआरपी उतरतेच. बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून २००७ मध्ये जो हिशेब आला तो असा की साधारण दर किलोमागे ०.१३ नी कमी होते. तेवढं तर तुमच्या वजनातूनच येतं, एकापेक्षा थोडं जास्त, आणि उरलेलं इतर बदलांतून, टेस्टच्या दिवशीच्या फरकातूनही येऊ शकतं. लिनोलेइकपासून ॲरॅकिडोनिक बनतं हे कागदावर खरं, पण शरीर ते फार आवळून धरतं. निरोगी लोकांना लिनोलेइक बरंच कमीजास्त देऊन पाहिलं तरी रक्तातलं ॲरॅकिडोनिक जवळपास हलत नाही आणि सीआरपीही वाढत नाही, यावर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग एकत्र तपासले गेलेत. शिवाय पहाटताईंच्या रिपोर्टमध्येच बघा, लिनोलेइक वर नाही, खाली आहे. ज्यांचं रक्तातलं लिनोलेइक जास्त त्यांची सीआरपी कमी, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं. तेव्हा त्यांच्या दाहाचा दोष लिनोलेइकवर टाकायला रिपोर्टमध्ये जागाच नाही. आणि ॲरॅकिडोनिक म्हणजे फक्त सूज असंही नाही, त्याच्यापासून लिपॉक्सिन बनतात, ते दाह मिटवायच्या कामाला लागतात.

आता ताई, आधी काय आणि नंतर काय.

चरबीची पेशी ही नुसती पिशवी नाही. वजन वाढतं तशी ती फुगते, मोठ्या पेशींचा व्यास १०० मायक्रॉनच्याही पुढे जातो, आणि रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. काही पेशी मरतात. मेलेली पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब, तो आवरायला मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळून साफ करणाऱ्या पेशी) येतात, एकट्याने तो गिळता येत नाही म्हणून भोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी मुकुटासारखं दिसतं आणि त्याचं नावही तसंच पडलंय. एमबीबीएस झाल्यावर कितीतरी वर्षांनी मी ती स्लाइड पाहिली, मध्ये रिकामा पांढरा गोल आणि भोवती गर्द केंद्रकांची माळ, आणि तेव्हा पहिल्यांदा मला पेशंटला समजावता यायला लागलं की सूज आहे ती इथे आहे, चरबीच्या आत. तुमच्या "सूज आहे तरी कुठे" याचं उत्तर हेच. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की लठ्ठपणात चरबीमध्ये मॅक्रोफेज भरतात. सडपातळ असताना चरबीतल्या पेशींपैकी दहा टक्क्यांहून कमी, तर खूप लठ्ठपणात चाळीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतात. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९९३ मध्ये, लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारा एक निरोप्या) बाहेर पडतं आणि ते इन्सुलिनच्या आड येतं हे दिसलं होतं, तिथून हा सगळा विषय सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

आता हे टीएनएफ चरबीच्या पेशीला काय करतं, तर तिला आणखी फॅटी ॲसिड सोडायला लावतं आणि इन्सुलिनचं ऐकू देत नाही. एरवी जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की चरबीने फॅटी ॲसिड सोडणं झटकन थांबवायला हवं, तसं ते नीट थांबत नाही. ही सुटलेली फॅटी ॲसिड, विशेषतः पामिटिक, लिव्हरमध्ये, स्नायूत, आणि त्या मॅक्रोफेजमध्येही शिरतात. मॅक्रोफेजच्या आत पामिटिक जास्त झालं की त्यापासून सेरामाइड (एका जातीचं फॅट) बनतात आणि एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा चालू होऊन इंटरल्युकिन-१ बीटा (दाहाचा आणखी एक निरोप्या) बाहेर पडतं, हे २०११ च्या सुमारास बरंच स्पष्ट झालं. म्हणजे दाहामुळे फॅटी ॲसिड सुटतात आणि सुटलेल्या फॅटी ॲसिडमुळे दाह वाढतो, दोन्ही बाजूंनी चालतं. पण सुरुवात कुठून होते असं विचाराल तर वजनाकडून. जन्मतः वजन वाढवणारे जनुक असलेल्या लोकांची सीआरपी जास्त असते, उलट सीआरपी वाढवणाऱ्या जनुकांमुळे वजन वाढत नाही, या पद्धतीने ते तपासून झालंय.

एक गोष्ट मात्र जपून सांगायला हवी. २००६ मध्ये असं आलं की सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड हे जंतू ओळखणाऱ्या टीएलआर-४ या रिसेप्टरलाच जागं करतात, म्हणजे शरीराला पामिटिक हा जंतूच वाटतो. गोष्ट फार आकर्षक होती, मी स्वतः कितीतरी पेशंटना ती सांगितली. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की पामिटिक त्या रिसेप्टरला थेट चिकटत नाही, रिसेप्टर आधीच दुसऱ्या कशाने जागा झालेला असला तर पामिटिकचा परिणाम दिसतो. लॅबमध्ये फॅटी ॲसिड विरघळवायला जे अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) वापरतात त्यातच जंतूंचं एंडोटॉक्सिन असू शकतं, त्यामुळेही आधीचे काही निकाल फसवे असू शकतात असं आधीपासून बोललं जात होतं. म्हणून आता मी "तेल शरीराला जंतू वाटतं" हे वाक्य कुणालाच सांगत नाही, आणि कोणी तुम्हाला सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

शेवटची_दाढ

वरचं ज्ञान माझ्याकडे नाही पण एक अनुभव सांगतो कारण याने माझे चार महिने वाया गेले. माझी एचएस-सीआरपी ११.४ आली होती, वजन १०४ किलो, मी आणि घरचे सगळे समजलो की हे वजनामुळेच, मग काय, जेवण अर्धं केलं, रोज तासभर चालायला लागलो, ५ किलो उतरले, परत टेस्ट केली तर १०.८. इतका खचलो की विचारू नका, वाटलं आपल्या शरीराचं काही होणारच नाही.

मग एक दिवस डाव्या बाजूची खालची दाढ घासताना ब्रशला रक्त आलं, ते तसं वर्षभर येतच होतं, दुखत नव्हतं म्हणून दुर्लक्ष केलेलं. डेंटिस्टने एक बारीक खुणांची सळई हिरडी आणि दाताच्या मधे घातली आणि नर्सला आकडे सांगत गेले, दोन, तीन, दोन, आणि त्या दाढेपाशी आठ. आठ मिलिमीटर खोल खिसा, आत पू. ती दाढ काढली, बाकी हिरड्यांची सफाई दोन बैठकांत झाली, दोन महिन्यांनी सीआरपी ३.६. डॉक्टर म्हणाले १० च्या वर आली की ती वजनाच्या खात्यावर मांडायचीच नाही, कुठे इन्फेक्शन आहे का ते बघायचं आणि काही आठवड्यांनी परत करायची, हे पहिल्याच वेळी कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. तुमची ५ आहे म्हणजे १० च्या आत आहे, तरी टेस्टच्या आसपास सर्दी, ताप, दातदुखी असं काही होतं का ते आठवून बघा.

नवी_पहाट

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, दोनदा वाचलं. शेवटची_दाढ, तुमचा प्रतिसाद वाचून लख्खकन आठवलं, रक्त दिलं त्याच्या पाच दिवस आधी मला सर्दी खोकला होता, घसा बसलेला. ते मी कुणालाच सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

आणि काचेची_नळी ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही, तुम्ही बरोबर ओळखलंत. तेल काढल्यावर भूक इतकी लागायची की सकाळी मोठा ग्लास संत्र्याचा रस, अकराला लो-फॅट फ्लेवर्ड योगर्ट, चारला ती डाएट बिस्किटं, चार नाही सहा. सगळ्यावर "फॅट फ्री" लिहिलेलं म्हणून मी निर्धास्त. काल योगर्टच्या डब्याची मागची बाजू पहिल्यांदा वाचली, एका डब्यात १९ ग्रॅम साखर. मी दिवसाला दोन खात होते.

अजून एक विचारते. मी आठवड्यातून दोन दिवस उपास करायचा विचार करतेय, पण कुठेतरी वाचलं की उपाशी राहिलं की रक्तात फ्री फॅटी ॲसिड वाढतात. मग त्याने दाह वाढणार नाही का? आणि फिश ऑइलचं राहिलं.

काचेची_नळी

सर्दीचं कळलं हे फार बरं झालं, दोनतीन आठवडे पूर्ण बरं वाटल्यावर परत करा, मगच तो आकडा तुमचा.

उपासाचं. रक्तात फॅटी ॲसिड वेगवेगळ्या रूपांत फिरतात, हे लक्षात घेतलं की अर्धा गोंधळ जातो. बहुतांश ट्रायग्लिसराइड, फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल एस्टर यांत बांधलेली असतात. सुटी म्हणजे फ्री, ती फार थोडी, अल्ब्युमिनला धरून फिरणारी, उपाशीपोटी साधारण अर्धा मिलिमोलच्या आसपास, आणि ती इतकी झरझर वापरली जातात की त्यातलं एखादं काही मिनिटंच रक्तात राहतं. जिने चढलात, घाबरलात, जेवलात, की आकडा बदलला. उपाशी राहिल्यावर ती वाढणारच, शरीर साठा वापरतंय म्हणून वाढतात, आणि ती जळण म्हणून जाळलीही जातात. ओपीडी_नंतर यांनी सांगितलं तो त्रास वेगळा, खाऊन झाल्यावरसुद्धा ती खाली न येण्याचा. आणि एक, लठ्ठ माणसाच्या रक्तात फ्री फॅटी ॲसिड चरबीच्या प्रमाणात वाढलेली असतात हा पण सरसकट खरा समज नाही, दर किलो चरबीमागे सुटणारं प्रमाण उलट कमी होतं, बऱ्याच जणांत उपाशीपोटीचा आकडा अगदी साधा येतो. म्हणून फ्री फॅटी ॲसिडची टेस्ट करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. नमुना काढून टेबलावर तसाच राहिला तरी नळीतल्या नळीत ट्रायग्लिसराइड तुटून आकडा वाढतो, आम्ही त्या नळ्या बर्फात ठेवून पळायचो.

याच्या उलट ओमेगा-३ इंडेक्स. तो तांबड्या पेशींच्या आवरणातून काढतात, ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तो आकडा गेल्या तीनचार महिन्यांचा असतो, कालच्या जेवणाने हलत नाही. २००४ मध्ये ही कल्पना मांडली गेली तेव्हा ८ च्या वर चांगला आणि ४ च्या खाली कमी असं धरलं होतं, तेच अजून चालतं. तुमचा ३.९ म्हणजे तुम्ही मासे खात नाही किंवा अगदी क्वचित, बरोबर? जवस, अक्रोड यांतलं ओमेगा-३ वेगळं, अल्फा-लिनोलेनिक, त्याचं ईपीए शरीर थोडंसंच करतं आणि डीएचए तर नावापुरतं, तेव्हा जवस खाऊन इंडेक्स फारसा हलत नाही. जवस वाईट आहे असं नव्हे. मासे चालत नसतील तर शेवाळापासून काढलेलं डीएचए-ईपीए मिळतं, माशांच्या अंगातही ते मुळात शेवाळातूनच आलेलं असतं.

ईपीए, डीएचए दाहावर काम करतात का, तर हो, मार्ग माहिती आहेत. त्यांच्यापासून रिझॉल्विन, प्रोटेक्टिन बनतात, दाह विझवणारी. २०१० मध्ये मॅक्रोफेजवरचा जीपीआर-१२० हा रिसेप्टर सापडला, ओमेगा-३ त्याला लागलं की आतली दाहाची वाट अडते, निदान उंदरांत तरी. पण माणसांत गोळ्या देऊन सीआरपी किती उतरते याचे निकाल लहानसे आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. ट्रायग्लिसराइड मात्र नक्की उतरतात, त्याला दिवसाला २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए लागतं. दुकानातल्या नेहमीच्या १ ग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष ईपीए-डीएचए मिळून ३०० मिलिग्रॅमच असतं बऱ्याचदा, बाकी नुसतं तेल, तेव्हा डबीची मागची बाजू इथेही वाचा.

ओपीडी_नंतर

फक्त एक जोडतो. एवढा मोठा डोस स्वतःच्या मनाने नको. जास्त डोसच्या मोठ्या चाचण्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलंय. २१४ ट्रायग्लिसराइडसाठी माझ्या पेशंटला मी आधी तो रस आणि ती बिस्किटं थांबवायला सांगेन आणि तीन महिने थांबेन. तेल परत सुरू करा ताई, मोजून, पण घाबरून नको, भूक त्यानेच आटोक्यात राहील. आणि पोटाचा घेर मोजत जा. आतड्यांभोवतीची चरबी तिचं रक्त थेट लिव्हरकडे पाठवते, फार लठ्ठ लोकांच्या ऑपरेशनच्या वेळी त्या शिरेतलं रक्त तपासलं तर त्यात इंटरल्युकिन-६ हाताच्या रक्तापेक्षा साधारण दीडपट निघालं होतं.

मूळ_शोधा

डॉक्टर, ९ किलोचा मुद्दा पटला. मी तेव्हा तेलाबरोबर बाहेरचं तळलेलं आणि पाकीटबंद सगळंच सोडलं होतं, ते मी वेगळं धरलंच नव्हतं.

नवी_पहाट

धागा वर काढतेय, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. साडेतीन महिने झाले.

सर्दी जाऊन तीन आठवड्यांनी परत केलेली सीआरपी ४.१ आली होती, म्हणजे १.१ नुसत्या घशाचे होते. तिथून पुढे रस, योगर्ट, बिस्किटं बंद, तेल आणि अंडी परत सुरू, रात्री जेवणानंतर अर्धा तास चालणं. उपास केलेच नाहीत, गरजच वाटली नाही कारण अकराची ती हात थरथरणारी भूकच गेली. वजन ७६.५. पोटाचा घेर १०१ वरून ९४. कालचे आकडे: सीआरपी २.९, ट्रायग्लिसराइड १४६. फॅटी ॲसिड परत केली, त्याच लॅबमधून, पामिटोलेइक ३.६ वरून २.३, पामिटिक २३, आणि लिनोलेइक २४ वरून २८. काचेची_नळी ताई, तुमच्या त्या टेकड्यांचा कागद मी लॅबवाल्याकडे मागितला, त्याने शोधून दाखवला, ती पामिटोलेइकची छोटी टेकडी आधीच्या कागदावर केवढी होती आणि आता पामिटिकच्या कुशीत जेमतेम दिसते, मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय.

ओमेगा-३ इंडेक्स मात्र ३.९ चा ४.० झालाय, बस. मासे मला खरंच जात नाहीत, दोनदा प्रयत्न केला. शेवाळाच्या कॅप्सूलबद्दल माझ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले छोटा डोस घ्यायला हरकत नाही. घेतलेली डबी समोर आहे, एका कॅप्सूलमध्ये डीएचए २०० आणि ईपीए १०० मिलिग्रॅम लिहिलंय, दिवसाला एक. इंडेक्स परत कधी तपासू, चार महिन्यांनी की त्याआधी चालेल?

काचेची_नळी

चार महिन्यांनी. जुन्या तांबड्या पेशी जाऊन नव्या यायला तेवढा वेळ द्या. आणि तो टेकड्यांचा फोटो इथे टाका ना, नाव झाकून, मला बघायचाय.